विल करायचं की ट्रस्ट? आपल्या घराचं कसं ठरवायचं

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मुलाचा कॅलिफोर्नियाहून फोन आला, बाबा विल नको, ट्रस्ट करा, इकडे सगळे तेच करतात. काका दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन माझ्याकडे हजर. (विल म्हणजे मृत्युपत्र. ट्रस्ट म्हणजे मिळकत विश्वासातल्या माणसांच्या, ट्रस्टींच्या, हाती द्यायची आणि त्यांनी ती दुसऱ्या कोणासाठी, म्हणजे लाभार्थ्यासाठी, सांभाळायची.) मी वकील नाही, पण आजवर आमच्या नात्यात तीन विल आणि एक ट्रस्ट झाला, त्यातल्या एका विलने आम्हाला चांगलंच रडवलं, त्यामुळे लोक विचारायला येतात. काकांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते.

मुलगा चुकीचं सांगत नव्हता, फक्त तिकडचं सांगत होता. कॅलिफोर्नियात माणूस गेल्यावर प्रोबेटला, म्हणजे कोर्टाकडून विल खरं असल्याचा शिक्का घ्यायला, वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर जातात, म्हणून लोक जिवंतपणीच घर आपल्याच ट्रस्टच्या नावावर करून ठेवतात आणि त्यासाठी त्यांना आपल्यासारखी स्टॅम्प ड्युटी मोजावी लागत नाही. आपल्याकडे गणित उलटं आहे. महाराष्ट्रात राहतं घर जिवंतपणी ट्रस्टच्या नावावर करायचं म्हटलं की रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, किमतीवर स्टॅम्प ड्युटी बसते, खरेदीचा दर मुंबईत 6 टक्के आणि पुण्यात 7 टक्के धरला तर एक कोटीच्या फ्लॅटला सहा-सात लाख रुपये नुसतं नाव बदलायला. मुलाला किंवा बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर 200 रुपयांच्या ड्युटीची जी सवलत आहे ती ट्रस्टला मिळेल असं गृहीत धरून अजिबात चालू नका. आणि विलला? स्टॅम्प ड्युटी शून्य. साध्या कोऱ्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, केलीच तर फी शंभर रुपये.

इस्टेट ड्युटी, म्हणजे वारसा कर, आपल्याकडे 1985 मध्येच बंद झाला. त्यामुळे "ट्रस्ट केला की कर वाचतो" असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा, कुठला कर?

मग ट्रस्ट कधी करायचा? माझ्या मते प्रॉपर्टी किती आहे हा प्रश्नच नाही. प्रश्न हा की तुमच्यामागे ज्याच्या हातात हे सगळं जाणार तो माणूस ते सांभाळू शकतो का. सांभाळू शकत असेल तर विल पुरे. सांभाळू शकत नसेल, मूल लहान आहे, मुलाला अपंगत्व आहे, कोणाला दारूचं किंवा जुगाराचं व्यसन आहे, आई ऐंशीची आहे आणि चेकवर सहीसुद्धा धड होत नाही, तर नुसतं विल म्हणजे त्या माणसाच्या हातात एकदम गठ्ठा ठेवून निघून जाणं. विलने वस्तू दिली जाते आणि काम संपतं, ट्रस्टमध्ये देऊन झाल्यावर पुढची पंधरा-वीस-चाळीस वर्षं कोणीतरी तिची काळजी घेत असतं.

आता आमचं रडगाणं सांगते म्हणजे विल कसं करायचं ते आपोआप कळेल. माझ्या वडिलांनी 2009 मध्ये स्वतःच्या हाताने सुंदर अक्षरात फुलस्केपवर विल लिहिलं, दोन मित्रांना घरी बोलावून चहा पाजून साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. "माझी डोंबिवलीतील राहती सदनिका पत्नीस, बँकेतील ठेवी दोन्ही मुलांस समसमान." छान. 2014 मध्ये डोंबिवलीचा फ्लॅट विकून ठाण्याला घेतला, एकट्याच्या नावावर, आणि विल तसंच गोदरेजच्या कपाटात. बाबा गेले तेव्हा विलमधला फ्लॅट आमचा नव्हता आणि जो फ्लॅट होता तो विलमध्ये नव्हता. म्हणजे ठाण्याच्या घरापुरतं बाबांनी विल केलंच नव्हतं असं झालं.

विल नसेल तर हिंदू वारसा कायदा 1956 लागतो, आणि त्यात पुरुष गेला की पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळे सारख्या वाट्याचे. आई! हे कोणाच्या लक्षातच नसतं. (वडील दुसऱ्या वर्गात येतात, पण आई पहिल्या.) माझी आजी 91 वर्षांची, बाबांची आई, तिचा घरात चौथा हिस्सा झाला. ती बिचारी म्हणे मला काय करायचंय ते घर, सुनेच्या नावावर करा. पण तिच्या म्हणण्याने काही होत नाही, हक्कसोडपत्र करून नोंदवावं लागतं, आणि ते राहिलं असतं आणि आजी गेली असती तर तिच्या हिश्श्यात काका आणि दोन्ही आत्या आल्या असत्या. म्हणून आम्ही तिला व्हीलचेअरवर दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात नेलं. तिथे अंगठा मशीनवर ठेवायचा, आणि जन्मभर भांडी घासून, भाकऱ्या थापून तिच्या बोटांच्या रेषाच पुसल्या गेलेल्या, मशीन घेईचना. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक बोट, मध्येच भावाने रुमाल ओला करून तिची बोटं पुसली, परत ठेवलं. अकरा-बारा वेळा. आजी प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून विचारायची, "माझं काही चुकलं का गं?" ते मी विसरू शकत नाही. बाबांनी एकच ओळ जास्त लिहिली असती, "याखेरीज माझ्या नावे आज असलेली वा पुढे येणारी सर्व स्थावर-जंगम मिळकत माझ्या पत्नीस", तर हे काहीच झालं नसतं.

तर विलमध्ये ही उरल्यासुरल्याची ओळ हवीच हवी, ती पहिली. दुसरं म्हणजे मिळकतीचं वर्णन नीट, इंडेक्स टूमध्ये (नोंदणी झालेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यात) जसं आहे तसं, फ्लॅट नंबर, सोसायटीचं पूर्ण नाव, शेअर सर्टिफिकेट नंबर, जमीन असेल तर सातबारावरचा गट नंबर आणि गाव. एफडीचे नंबर मात्र लिहू नका कारण ते दर रिन्यूअलला बदलतात, "अमुक शाखेतली माझी सर्व खाती आणि ठेवी" एवढं पुरतं. आणि घर विकलं, घेतलं, कोणी गेलं, कोणाचं लग्न झालं किंवा मोडलं की विल काढून वाचायचं. बदल करायचा तर वरच खाडाखोड करू नका, साक्षीदारांच्या सह्यांशिवाय ती धरत नाहीत, सरळ नवीन विल करा आणि त्यात लिहा की आधीची सगळी रद्द.

साक्षीदार कमीत कमी दोन लागतात, दोघांनीही तुम्हाला सही करताना बघितलेलं असावं आणि तुमच्यासमोर स्वतःची सही केलेली असावी. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचायला देण्याची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, पुढे भांडण झालं तर पहिलं बोट तिथेच जातं. आणि साक्षीदार तरुण घ्या! लोक आपल्या वयाचे मित्र घेतात, बाबांचा एक साक्षीदार त्यांच्या आधीच गेला. विलवर वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं की हो, माझ्यासमोर सही झाली. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, एका जागी राहणारी, पत्ता न बदलणारी माणसं बघा. वय जास्त असेल तर फॅमिली डॉक्टरचं त्याच तारखेचं सर्टिफिकेट जोडा की माणूस शुद्धीत आहे आणि त्याला सगळं समजतंय. नोंदणी सक्तीची नसली तरी शंभर रुपयात होत असेल तर करून टाकावी असं माझं मत, मूळ कागद हरवला तरी सरकारदरबारी नोंद राहते.

एक्झिक्युटर नेमा, म्हणजे तुमच्यामागे विलप्रमाणे वाटप करणारा माणूस, आणि तो नाही म्हणाला किंवा आधीच गेला तर दुसरा कोण तेही लिहा. परदेशातल्या मुलाला एकट्याला एक्झिक्युटर करून ठेवलं तर बँकेच्या प्रत्येक सहीसाठी त्याची रजा आणि तिकीट. इथला एखादा भाचा, पुतणी, विश्वासातला कोणी बरोबर असू द्या.

प्रोबेटचं विचारतात सगळे. आधी मुंबई शहरात विल अंमलात आणायला हायकोर्टातून प्रोबेट सक्तीचं होतं, पुणे-नाशिक-नागपूरकडे तशी सक्ती कधी नव्हती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातलं कलम 213 च काढून टाकलं त्यामुळे मुंबईतली ती सक्ती गेली. म्हणजे प्रोबेट टाळायचंय म्हणून ट्रस्ट, हे जे कारण मुंबईतले सल्लागार द्यायचे त्यातला बराच दम गेला. तरी वाद असेल, रक्कम मोठी असेल तर बँक किंवा सोसायटी प्रोबेट आणा म्हणू शकते, आणि भांडणाची शक्यता दिसत असेल तर आपणहून घेतलेलं बरं.

नॉमिनेशन म्हणजे विल नाही. हे दहा वेळा सांगावंसं वाटतं. नॉमिनी हा पैसे किंवा वस्तू ताब्यात घेणारा, मालक वारसच. विम्याबद्दल सुप्रीम कोर्टाने हे 1984 मध्येच सांगितलं (पण 2015 च्या दुरुस्तीनंतर विम्यात नवरा-बायको, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम बहुधा त्यांचीच धरतात), आणि शेअर्स-म्युच्युअल फंडांबद्दल डिसेंबर 2023 मध्ये, तेही कालनिर्णयचे जयंत साळगावकर यांच्या मागे वारसांमध्ये झालेल्या खटल्यात. हाऊसिंग सोसायट्यांच्या बाबतीत महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातच 2019 पासून आहे की सभासद गेल्यावर हक्क विल किंवा वारसा कागदपत्रांनुसार जातो, नॉमिनी तोपर्यंत नुसता तात्पुरता सभासद. तरी नॉमिनेशन भराच कारण त्याने पैसे लवकर हातात येतात, नोव्हेंबर 2025 पासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात. फक्त विलमधली नावं आणि नॉमिनीची नावं एकच ठेवा, दोन ठिकाणी दोन नावं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

बायकांनी तर विल करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. मूलबाळ नसलेली विधवा बाई विल न करता गेली तर तिने स्वतः नोकरी करून घेतलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, दिराकडे, नणंदेकडे, तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. हिंदू वारसा कायद्यातच आहे तसं. एका कागदाने हे टळतं.

आता ट्रस्ट. माझ्या मावसबहिणीचा मुलगा 22 वर्षांचा आहे, ऑटिझम आहे त्याला. ताई आणि जिजाजी दोघंही साठीच्या आसपास, मुलगा एकुलता एक. ताईच्या मनात रात्रंदिवस एकच, आम्ही गेल्यावर याचं काय. विल करून सगळं त्याच्या नावावर केलं असतं तर कागदावर तो दोन फ्लॅटचा मालक झाला असता आणि प्रत्यक्षात कोणीही गोड बोलून त्याच्याकडून अंगठा घेतला असता. आणि चुलतभावाच्या नावावर केलं, "तू बघ हं त्याच्याकडे" म्हणून, तर भाऊ सोन्यासारखा असला तरी उद्या त्याचं कर्ज, त्याचा घटस्फोट, त्याचं आजारपण, सगळ्यात मुलाचा पैसा सापडतो. इथे ट्रस्टला पर्याय नाही.

त्यांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटलं. ट्रस्ट जिवंतपणीच केला पण आत फक्त पंचवीस हजार रुपये टाकले. त्यामुळे घरावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागली नाही. ट्रस्टचं पॅन काढलं, बँकेत खातं उघडलं, तीन ट्रस्टी, ताई-जिजाजी स्वतः आणि एक पुतणी जी सीए आहे, आणि यातलं कोणी गेलं तर पुढे कोण याची नावंही डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या दस्तात. मग दोघांनी वेगवेगळी विलं केली की आमच्यामागे सगळं या ट्रस्टला. विलने जाणाऱ्या घराला स्टॅम्प ड्युटी नाही, आणि ट्रस्ट आधीपासून चालू असल्याने पुतणीला कामाची सवय होतेय, खातं कसं चालतं, डेकेअरची फी कधी जाते, औषधं कुठून येतात.

अशा खाजगी ट्रस्टला चॅरिटी कमिशनरकडे नोंदवायला लागतं असा मोठा गैरसमज आहे. ते सार्वजनिक ट्रस्टचं, देवळं, शाळा, संस्था वगैरे, 1950 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली. घरातल्या माणसांसाठीचा ट्रस्ट 1882 च्या भारतीय ट्रस्ट कायद्याखाली येतो, आणि त्यात घर-जमीन घालायची असेल तर रजिस्टर्ड दस्त लागतो किंवा मग विल.

करासाठी एक गोष्ट पक्की करून घ्या, लाभार्थी कोण आणि कोणाचा वाटा किती हे डीडमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तर कर साधारण त्या लाभार्थ्यासारखाच लागतो, पण "ट्रस्टी ठरवतील त्याला ते ठरवतील तितकं" असं मोघम ठेवलं तर बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या दराने कर. काही अपवाद आहेत, विलमधून जन्मलेला एकच ट्रस्ट असेल तर त्याला सूट मिळू शकते, ते सीएला विचारूनच. ताईच्या ट्रस्टमध्ये लाभार्थी एकटा मुलगा, वाटा पूर्ण, म्हणून तो त्रास नाही. तसंच तुम्हाला हवा तेव्हा मोडता येईल असा ट्रस्ट केला तर त्याचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरतात, आणि न मोडणारा केला तर हातातून गेलं ते गेलं, हे दोन्ही समजून सही करा.

अजून एक, मूल 18 चं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मुलाला ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असली तरीही. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. आणि पुढे आपल्या जागी येणारा पालक आणि पैशाचा ट्रस्टी ही दोन वेगळी माणसं ठेवा, एक मुलाला बघेल, दुसरा पैसे बघेल आणि दोघं एकमेकांनाही बघतील.

ताईने डीडबरोबर एक वही ठेवलीय. वहीला कायद्याने काही किंमत नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा कागद तो. पोळीला तूप लागतं, नाहीतर ताट सरकवतो. मिक्सरचा आवाज सुरू करायच्या आधी त्याला सांगायचं. चिडला तर हात धरू नका, खिडकीशी उभं करा, रिक्षा मोजू द्या. डेंटिस्ट हेच, दुसऱ्याकडे तोंड उघडत नाही. चाळीस पानं झालीत, अजून लिहितेय.

नातवंडं लहान असतील आणि त्यांना काही द्यायचं असेल तर वेगळा ट्रस्ट आत्ताच करण्याऐवजी विलमध्येच लिहिता येतं, की अमुक रक्कम अमुक दोघांनी ट्रस्टी म्हणून सांभाळावी, शिक्षणाला खर्च करावी आणि 25 व्या वर्षी हातात द्यावी. बहुतेक मध्यमवर्गीय घरांना एवढंच पुरतं. आत्ता खर्च नाही, दरवर्षी ट्रस्टचं रिटर्न भरणं नाही, आणि विचार बदलला तर विल बदलायचं.

जिवंतपणीच मुलाच्या नावावर घर करून टाकायचा तिसरा रस्ता लोक प्रेमाने घेतात. करू नका. करायचंच असेल तर बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा की मुलाने सांभाळ करायचा, कारण सांभाळ केला नाही तर दिलेलं घर परत मिळवून देणारं, 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातलं कलम 23 अशी अट असेल तरच नीट कामाला येतं.

गोव्यात घर असेल तर यातलं बरंच लागू नाही. तिथे नवराबायकोची मिळकत बहुधा समाईक, आणि मुलं असतील तर स्वतःच्या हिश्श्यातला अर्धाच भाग विलने मनासारखा देता येतो, बाकी मुलांचा हक्क. विलही तिथल्या स्पेशल नोटरीपुढे होतं, म्हणून तिथलाच वकील बघा. मुस्लिम कुटुंबात विलने साधारण एक तृतीयांशच देता येतं, त्यापुढे वारसांची संमती लागते. आणि वडिलोपार्जित मिळकत असेल तर विल फक्त आपल्या हिश्श्याचं, 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा जन्मतःच वाटा आहे तो कोणाच्या विलने जात नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला किंवा ट्रस्टला द्यायची असेल तर आधी कूळकायदा जाणणाऱ्या वकिलाकडे सातबारा आणि जुने फेरफार घेऊन जा.

काकांचं काय झालं ते सांगते. मुलगा एक, मुलगी एक, दोघंही शहाणी, कमावती, काकू धडधाकट आणि बँकेचे व्यवहार काकांपेक्षा जास्त तीच करते. मी म्हटलं काका विल करा, ट्रस्टचे सात लाख काकूंच्या नावाने एफडीत टाका. विल झालं, नोंदवलं, साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे तिशीतले नवराबायको. मग काका म्हणाले मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवतो. लॉकर एकट्याच्या नावावर! म्हटलं काका, तुमच्यामागे लॉकर उघडायला कागद मागतील आणि कागद लॉकरच्या आत. त्याच आठवड्यात दोघं बँकेत जाऊन काकूंचं नाव लॉकरला लावून आले, आणि विल कुठे आहे ते दोन्ही मुलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं.